रेडिएटरचा खालचा प्लग गळतोय: रिंग, टेप, एम-सील की हळद?

सकाळी गाडी काढली तर अंगणात हिरवा डाग. वाकून पाहिलं, तर रेडिएटरच्या तळाशी ड्रेन प्लगला, म्हणजे पाणी काढायच्या बुचाला, थेंब लोंबकळत होता. आमच्याकडे, खारपाणपट्ट्यात, असा थेंब दिसला की सल्लागारांना तोटा नाही. एक म्हणतो टेप गुंडाळा, दुसरा म्हणतो एम-सील थापा, आणि पारावरून हमखास आवाज येतो, "भाऊ, हळद टाका ना, कायले अकोल्याले जाता?"

काय निवडायचं हे थेंब कुठून येतो यावर ठरतं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्लगच्या भोवतालचा भाग पुसून कोरडा करा आणि बोट फिरवत पाहा. प्लग आणि टाकीच्या सांध्यातून पाणी येत असेल, तर दोष बहुधा रबरी रिंगचा. थंडपणी गळतं आणि गाडी तापली की थांबतं, असं असेल तर रिंग कडक होऊन आक्रसली म्हणून समजा. प्लगशेजारी टाकीलाच केसाएवढा तडा असेल, तर पुढचं बहुतेक सगळं तुमच्या कामाचं नाही.

आता टेप आणि रिंग. खरी गल्लत इथेच होते. हल्लीच्या बहुतेक कार-जीपच्या रेडिएटरची टाकी प्लास्टिकची, म्हणजे काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची असते. तिथले आटे प्लगला फक्त धरून ठेवतात. पाणी अडवते ती दाबून बसलेली रिंग. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली की प्लग पूर्ण आत बसत नाही, रिंग दाबली जात नाही आणि गळती तशीच राहते. मग माणूस पाना लावून जोर करतो आणि प्लास्टिकचे आटे घसरतात. पाच मिनिटांच्या कामाचं रेडिएटर बदलण्याचं काम होतं. मी स्वतः एकदा हा पराक्रम केलेला आहे.

टेपला मात्र सरसकट नावं ठेवू नका. जुन्या जीपला किंवा ट्रॅक्टरला पितळी रेडिएटर असेल आणि त्याची पितळी तोटी निमुळत्या आट्यांवर आवळून बसत असेल, तर तिथे पाणी आट्यांतच अडतं. तिथे टेप चोख काम करते.

रिंग घ्यायची तर जुनी रिंग खिशात घालून दुकानात जा, मापाचा अंदाज सांगू नका. कूलंटसाठी, म्हणजे रेडिएटरमधल्या त्या हिरव्या पाण्यासाठी, ईपीडीएम रबराची मागा. तेलासाठीची नायट्राइल रिंग दिसायला तशीच काळी असते, पण गरम कूलंटमध्ये लवकर कडक पडते. नळाचं वायसर तर नकोच. बसवताना साधं ग्रीस लावू नका, खनिज तेलाने ईपीडीएम फुगतं. रिंग कूलंटनेच ओली करा, प्लग हाताने फिरवा आणि शेवटी अगदी किंचित आवळा.

नुसती रिंग की रिंगसकट नवा प्लग? प्लगचं डोकं किंवा खाच झिजली नसेल तर रिंग पुरते. पण तालुक्याची फेरी या दोन्हींपेक्षा महाग पडते, म्हणून मी तरी प्लगच आणतो.

एम-सीलला कोरडी, तेलकटपणा नसलेली जागा लागते, आणि गळत्या सांध्यावर नेमकी तीच नसते. शिवाय नायलॉनला त्याची पकड कच्ची. तापणं-निवणं सुरू झालं की कड सुटते. बरं, चुकून टिकलंच, तर पुढच्या वेळी कूलंट काढायला खालचा होज सोडावा लागेल. गाडी घरापर्यंत आणायची एवढ्यापुरतंच ते वापरा, तेही पाणी काढून, जागा कोरडी करून, घासून आणि पाकिटावरचा वेळ पाळून.

अडचणीत आणखी एक सल्ला मिळतो: रेडिएटरचं झाकण सैल ठेवा, दाब कमी होईल आणि गळणार नाही. गळती कमी होते, हे खरं. पण झाकण साधारण 1 बार दाब धरतं म्हणूनच आतलं पाणी 100 ऐवजी जवळपास 120 अंशांपर्यंत उकळत नाही. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे असताना ही सोय सोडून देणं परवडत नाही. त्यापेक्षा पाण्याची कॅन सोबत ठेवा, हळू चालवा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. आणि गरम असताना झाकण अजिबात उघडू नका.

हळद आणि बाजारातली लीक बंद करणारी पावडर एकाच माळेचे मणी. जाळीतल्या बारीक छिद्रात कण अडकून ते बुजतं, म्हणून हळदीची ख्याती. पण प्लग असतो टाकीच्या तळाच्या कोपऱ्यात. तिथे प्रवाह मंद, गाळ नुसता साचतो. सांधा गळतच राहतो, बुजतात त्या रेडिएटरच्या आणि हीटरच्या चांगल्या नळ्या. वरणात घाला हळद.

टाकीला तडा असेल तर पितळी रेडिएटर झाळून घेता येतो. प्लास्टिकचा असेल तर शहरात टाकी बदलून देणारे भेटतात का ते आधी विचारा, नाहीतर नवा रेडिएटर. दहा वर्षं जुनी टाकी हाताला ठिसूळ लागत असेल, तर मी टाकीवर खर्च करणार नाही.

काहीही निवडलं तरी कूलंट घमेल्यात धरा. ते चवीला गोड आणि विषारी असतं, अंगणात सांडलं तर कुत्रं चाटतं, शेळी तोंड घालते. परत भरताना बोअरचं पाणी नको. आपल्याकडच्या खाऱ्या पाण्याचा थर नळ्यांत धरतो. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घ्या, कूलंटमध्ये डब्यावरच्या प्रमाणात मिसळा आणि इंजिन चालू ठेवून हवा निघू द्या. मग रात्री प्लगखाली वर्तमानपत्र पसरून झोपा. सकाळी कागदावर डाग दिसलाच तर आधी प्लग पुन्हा हाताने चाचपून पाहा, पाना नंतर.