लम्पीसाठी गोठ्याला जाळी की अंगावर फवारणी?

लम्पी म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणारा त्वचारोग, तो चावऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो. लस टोचून घेतली आहे, असं धरूनच लिहितोय. गोटपॉक्सची (शेळ्यांच्या देवीची, तीच गुरांना लम्पीसाठी टोचतात) लस दिली तरी अंगात रोगाशी लढायची ताकद यायला साधारण तीन आठवडे जातात, आणि माशी तोवर थांबत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला लम्पी दिसला आणि पुढे जनावरांचे बाजारच बंद झाले, तेव्हा आमच्याकडे जो तो फवारणीला लागला. पंप घरचाच, खर्च किरकोळ. लिटरभर पाण्यात कडुनिंब, करंज आणि निलगिरीचं तेल प्रत्येकी १० मिली, वर थोडा साबण. डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक वापरायचं तर मात्रा डॉक्टरांना विचारूनच. जनावरं अंग चाटतात, शिवाय दुधाचाही प्रश्न असतो. पावसाची सर आली की तेल धुऊन जातं, तेही मी चालवून घेतलं असतं.

मला नडला तो पंपाचा आवाज. नोझलमधून फस्स झालं की आमची गाय दावं ताणून गर्रकन फिरते. पाठ भिजते, पाय कोरडेच. आणि गोठ्यातली चावरी माशी बसते ती बहुतेक गुडघ्याखाली. गाय उगाच पाय आपटत नसते. फडक्यानं चोळून पाहिलं, तर गरीब गायीला जमतं, खट्याळ गाय लाथ घालते.

जाळी लावल्यापासून धार काढताना शेपटीचा फटका तोंडावर बसायचा थांबलाय. मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे एवढंच. मात्र शेडनेटवर भागवू नका, तिच्यातून डास सहज शिरतो. बारीक विणीचीच जाळी घ्या आणि खालची कड जमिनीला टेकू द्या. आत उकडतं, होल्स्टीन गायीला पंखा लागतोच. जाळीवर धूळ बसली की वारा अडतो, म्हणून अधूनमधून केरसुणी फिरवावी लागते. गोचीड जाळीला जुमानत नाही. भिंतीच्या भेगांत फवारणी करावीच लागते. ओलं शेण आणि कुजकी वैरण आतच राहिली, तर तिथंच माशीची पैदास होते आणि जाळी तिला आत कोंडते.

दिवसभर चरायला जाणारी खिल्लार असेल, तर जाळीचा उपयोग रात्रीपुरताच. तिथं फवारणीच बरी म्हणायची. पण बारा महिने दावणीला असलेली संकरित गाय असेल आणि पैशांची थोडी ओढाताण सोसणार असेल, तर मी तरी जाळीच घ्या म्हणेन. पंखा मात्र त्याच खर्चात धरा.