केमो, काढा आणि मोबाईल: सात-आठ महिने वापरल्यावर

सासूबाईंच्या स्तनाच्या कॅन्सरवर बेळगावात केमो सुरू झाली आणि मोबाईलवरची सगळी कामं माझ्याकडे आली. आम्ही खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहतो. रेंज येते-जाते. त्यामुळे कुठलंही ॲप घेताना मी आधी एवढंच बघते, नेट नसताना ते उघडतं का.

गोळ्यांची आठवण करून देणारं फुकटचं ॲप घेतलं. उलटीची गोळी असो की आता रोज चालू असलेली लेट्रोझोल ही हार्मोनवरची गोळी, वेळेला वाजतं म्हणजे वाजतं. अडचण वेगळीच आली. औषधाचं नाव यादीतूनच निवडावं लागतं आणि त्या यादीत काढ्याला जागा नाही. आमच्याकडे तर सकाळी गुळवेलीचा काढा, रात्री हळदीचं दूध आणि निपाणीच्या नणंदेनं ताकदीसाठी पाठवलेला शतावरी कल्प चालू होता. शेवटी मोबाईलच्या साध्या नोट्समध्येच दोन भाग केले, वर दवाखान्याचं, खाली घरचं. प्रत्येकापुढे तारीख, आणि पुडीचा किंवा डबीचा फोटो.

सासूबाईंना पटेना. "डॉक्टरास्नी हे कशाला दावायचं? रागावतील की गं." पण पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाच्या एका डोसाआधी रक्ताच्या तपासणीत एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला त्रास झाला की वाढणारा आकडा, वाढलेलं आलं, तेव्हा डॉक्टरांनी माझा फोन हातात घेतला, बोटानं खाली खाली सरकवत गेले आणि गुळवेलीच्या तारखांपाशी थांबले. रागावले अजिबात नाहीत. काढा बंद केला, डोस आठवडाभर पुढे ढकलला, पुढच्या तपासणीत आकडा उतरला. गुळवेलीमुळेच झालं असं ते म्हणाले नाहीत, कारण केमोनंही लिव्हरवर ताण येतो. गुळवेल घेणाऱ्यांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या, आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला होता. तो वाद जाणकारांनी मिटवावा. केमो चालू असलेल्या माणसावर त्याची परीक्षा नको, एवढं मला कळतं. गाठ हार्मोनवर वाढणारी आणि शतावरीचा परिणाम हार्मोनसारखा होऊ शकतो, म्हणून तीही थांबली. स्वयंपाकातली हळद चालू राहिली, हळदीच्या कॅप्सूल नको म्हणाले.

वनस्पतींची माहिती बघायला न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयाचं 'अबाउट हर्ब्ज' हे संकेतस्थळ मला सगळ्यात उपयोगी पडलं. फुकट आहे. कुठली वनस्पती कुठल्या औषधाच्या आड येऊ शकते ते तिथे वेगळं दिलेलं असतं. इंग्रजी आहे, पण ज्यांच्या घरात कॉलेजात जाणारं पोर आहे त्यांनी जरूर वाचून घ्यावं.

आमच्या रानात नरक्या नावाचं झाड आहे. कॅन्सर म्हटलं की कोणीतरी त्याची साल आणून देतंच, आम्हालाही दिली. नरक्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं हे खरं. त्याच्यापासून बनवलेली इरिनोटेकन आणि टोपोटेकन ही औषधं कॅन्सरवर वापरतात, हेही खरं. कॅम्प्टोथेसिन 1966 मध्ये एका चिनी झाडातून वेगळं काढणाऱ्यांत मनसुख वाणी होते, आपल्या नंदुरबारचे. सासूबाईंना चढवलेलं पॅक्लिटॅक्सेलही त्यांनी आणि त्यांचे सहकारी मनरो वॉल यांनीच यू नावाच्या झाडाच्या सालीतून शोधलं. झाडपाल्याचा मान राखावा तर असा, मोजून मापून. साल उकळून प्यायलं की किती विष पोटात गेलं याचा पत्ताच लागत नाही. ती साल आम्ही वापरली नाही.

आता ज्या गोष्टीचा मला खरोखर राग आहे ती सांगते. एका आरोग्य ॲपमध्ये प्रश्नांना आपोआप उत्तरं देणारा चॅट होता. केमोतल्या लाल रंगाच्या औषधाच्या डोसानंतर, पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात त्या दिवसांत, रात्री सासूबाईंना 101 ताप भरला. केमो चालू आहे हे लिहूनसुद्धा चॅटनं तुळस-सुंठीचा काढा आणि विश्रांती सुचवली. केमोत 100.4 च्या वर ताप गेला की तडक दवाखाना गाठायचा, हे केमो देतात त्या डे-केअर विभागाच्या सिस्टरनी मला आधीच बजावलं होतं. शेजारच्यांची गाडी काढून रात्रीच बेळगाव गाठलं आणि अँटिबायोटिक सुरू झालं. ते ॲप मी काढून टाकलं. थर्मामीटर आणि सिस्टरचा नंबर घरात सगळ्यांना सापडेल अशा जागी ठेवा.

रिपोर्ट एका जागी जोडून ठेवायचं सरकारी आभा कार्ड काढलंय, 14 आकडी नंबर मिळतो. आमचे बहुतेक रिपोर्ट अजून त्याला जोडलेले नाहीत, म्हणून फोटोंचं फोल्डर चालूच आहे. कानडीतल्या सूचनांवर कॅमेरा धरला की भाषांतर कामापुरतं कळतं. गोळीचा डोस मात्र त्यावरून ठरवू नका, दुकानदाराला मोठ्यानं वाचायला लावा.

गावच्या वैद्यांनाही हल्ली तीच नोंद दाखवते. ती वाचून त्यांनी स्वतःहून दोन चूर्णं कमी केली आणि उरलेल्यासाठी आधी डॉक्टरांना विचारून ये म्हणाले. आठवणीच्या ॲपवाल्यांना मी लिहून कळवलंय: यादीत नसलेलं नाव मराठीत टाइप करता येऊ दे, आणि काढ्याला गोळ्यांच्याच यादीत जागा द्या. उत्तर आलं की इथे लिहीन.