फिनास्टेराइड स्प्रे घ्यावा का? माझा ६ महिन्यांचा अनुभव

केसगळतीवर डोक्याला लावायचं औषध मिनॉक्सिडिल ५ टक्के दोन वर्षं लावत होतो, केस गळणं थांबलं पण टाळूवरचा विरळपणा तसाच, आणि फिनास्टेराइडची गोळी घ्यायची भीती वाटायची म्हणून डॉक्टरांनी तेच औषध ०.२५ टक्के स्प्रेमध्ये सुचवलं. होय म्हणायला मला तीन आठवडे लागले. डोक्याला लावलं की शरीरात काही जात नाही असं बरेच जण सांगतात, ते खरं नाही हो, एका मोठ्या चाचणीत रक्तातलं डीएचटी (केस गळायला कारणीभूत ठरणारं हार्मोन, हे औषध तेच कमी करतं) गोळीने सुमारे ५५ टक्के कमी झालं आणि स्प्रेने सुमारे ३४ टक्के, म्हणजे कमी जातं पण जातं. लैंगिक तक्रारी किंवा मन उदास वाटणं असं काही झालं तर लगेच डॉक्टरांना सांगा, ते अंगावर काढू नका.

मला त्रास झाला नाही, फक्त पहिल्या महिन्यात टाळू कोरडी पडून थोडी खाज यायची. केस दाट झाले असं चौथ्या महिन्यापर्यंत अजिबात वाटलं नाही, मग एकाच उजेडात काढलेले जुने-नवे फोटो शेजारी ठेवले तेव्हा भोवऱ्याजवळ फरक दिसला. पुढची हेअरलाईन मात्र जिथल्या तिथे.

आणि घरात कोणी गरोदर असेल तर फार जपा, औषध पूर्ण वाळेपर्यंत त्यांचा हात डोक्याला लागू देऊ नका, मुलगा असेल तर गर्भाला धोका असतो. मी उशीचा अभ्रासुद्धा वेगळा ठेवतो. सध्या तरी चालू ठेवणार आहे.