८.३४ चा हिशेब: एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्लांट) ऑपरेटर परीक्षेच्या ऑनलाइन कोर्सचा सहा महिन्यांनंतरचा अनुभव

परवा नाइट शिफ्टला ॲप उघडलं तर लॉगिन बंद. मुदत सहा महिन्यांची, पण ती पैसे भरल्या दिवसापासून मोजली. माझे पहिले एकोणीस दिवस ओटीपी न येण्यात गेले होते, त्याचे सगळे मेल माझ्याकडे आहेत. मदत केंद्राला लिहिलं तर उत्तर आलं की नियम सगळ्यांना सारखाच. मी नऊ हजार रुपये भरलेत. माझ्या पगारात ही रक्कम लहान नाही. म्हणून काय पटलं आणि काय नाही ते सविस्तर लिहितोय. कोर्सचं नाव देत नाही, कारण मला भांडायचं नाही. पुढच्या माणसाचे पैसे वाचावेत एवढंच आहे.

मी कांदिवलीच्या एका मोठ्या सोसायटीतला २०० केएलडीचा, म्हणजे रोज दोन लाख लिटर सांडपाण्याचा प्लांट चालवतो. आमच्या मेंटेनन्स कंपनीला आखातात काम मिळालंय, आणि तिकडे जाणाऱ्या शिफ्ट इनचार्जसाठी कंपनीने स्वतःची परीक्षा ठेवली आहे, अमेरिकन ऑपरेटरांच्या क्लास वन, म्हणजे पहिल्या पायरीच्या परीक्षेच्या धर्तीवर. म्हणजे ११० बहुपर्यायी प्रश्न, त्यातले १० गुणांत धरत नाहीत आणि ते कोणते हे सांगत नाहीत, तीन तास, पास व्हायला ७०. या परीक्षेचं मराठीत काहीच मिळत नाही, म्हणून हा कोर्स घेतला. अभ्यास बहुतेक विरार लोकलमध्ये झाला, सकाळी उलट दिशेच्या गाडीत जागा मिळाली तर.

आता ८.३४ बद्दल. ज्यांनी हा अभ्यास केलाय त्यांना सांगायला नको. लोड, म्हणजे दिवसाला किती वजन, काढायचा असेल तर एमजीडी (दिवसाला किती दशलक्ष गॅलन) गुणिले मिलिग्रॅम प्रतिलिटर गुणिले ८.३४, उत्तर पौंडांत. बीओडीचा (घाण खाताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनचा) लोड असो, क्लोरीनचा डोस असो, वेस्ट करायचा स्लज (गाळ) असो, सगळीकडे हा आकडा. पहिल्या सराव पेपरात माझी चौदा गणितं चुकली आणि त्यातली अकरा याच आकड्यामुळे. कधी गॅलन लिटर समजून घेतले, कधी दशलक्ष करायचे राहिले. आयुष्यभर केएलडी आणि एमएलडी (दिवसाला हजार आणि दशलक्ष लिटर) बोललेला माणूस मी. मुंबई महापालिकेच्या नव्या सात प्लांटची क्षमता मिळून २४६४ एमएलडी, हे मला तोंडपाठ आहे आणि नुसता आकडा ऐकला तरी ते पाणी डोळ्यांसमोर येतं. एमजीडी म्हटलं की काहीच येत नाही. कोर्समधला शिकवणारा प्रत्येक व्हिडिओत म्हणतो, हे सूत्र पाठ करा. का गुणायचं, ते सहा महिन्यांत एकदाही सांगितलं नाही.

दोन महिने मी चिडून होतो आणि त्या वेळी लिहिलं असतं तर पाचपैकी एक तारा दिला असता.

मग एकदा गाडी भाईंदरला थांबून राहिली, तेव्हा वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. एक अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. लिटरभर पाणी एक किलोचं. एक किलो म्हणजे २.२०५ पौंड. गुणाकार केला तर जवळजवळ ८.३४. म्हणजे हा आकडा दुसरं काही नसून एका गॅलन पाण्याचं वजन आहे. आणि आपल्याकडे लिटरचं वजन एकच किलो असल्यामुळे सूत्रात गुणायला काही उरतच नाही: एमएलडी गुणिले मिलिग्रॅम प्रतिलिटर, उत्तर थेट किलोत. आमचा प्लांट ०.२ एमएलडी, येणाऱ्या पाण्याचा बीओडी २५० धरला तर दिवसाला ५० किलो. हेच अमेरिकन पद्धतीने केलं तर ११० पौंड, म्हणजे तेच पन्नास किलो. मी दोन्ही बाजूंनी तीनदा करून पाहिलं. नऊ वर्षं मी लॉगबुकात २५०, २२०, २७० असे आकडे भरत होतो, पण माझ्या टाकीतल्या जिवाणूंना रोज पन्नास किलोचं जेवण वाढलं जातंय हे त्या दिवशी कळलं.

खरा फायदा हायपोत झाला. आमच्याकडे दिवसाला साधारण २५ लिटर हायपो, म्हणजे जंतू मारायचं सोडियम हायपोक्लोराइट, जायचं. का, तर आधीचा ऑपरेटर तेवढं घालायचा. बाराव्या मजल्यावरच्या मावशींची तक्रार रजिस्टरमध्ये नेहमी असायची की प्लांटमधून येणाऱ्या फ्लशच्या पाण्याला स्विमिंग पूलसारखा वास येतो. मी डोस लिटरमागे ५ मिलिग्रॅम धरला: ०.२ गुणिले ५, म्हणजे एक किलो क्लोरीन. हायपो दहा टक्क्यांचा, लिटरमागे १०० ग्रॅम, म्हणजे दहा लिटर. साहेबांना वही दाखवली. त्यांनी आठवडाभर रोज किटवर रेसिड्युअल, म्हणजे पाण्यात उरलेलं क्लोरीन, बघायला सांगितलं. अर्ध्या तासानंतर एक पीपीएम (दशलक्षात एक भाग) राहायला हवं होतं, दहा लिटरमध्ये ते किंचित कमी पडत होतं, बारा लिटरवर स्थिर झालं. रोजचे तेरा लिटर वाचले. पंधरा रुपये लिटरने महिन्याला जवळजवळ सहा हजार. पैसे सोसायटीचे वाचले, माझे नाहीत, पण कोर्सच्या किमतीकडे मी त्या दिवसापासून वेगळ्या नजरेने बघतो. मावशींनी स्वतः खाली येऊन विचारलं की काय बदललंत. एक मात्र लक्षात ठेवा, मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या हायपोची ताकद उतरते. तेव्हा बारा लिटर पुरत नाहीत, किटवरच भरवसा ठेवावा लागतो.

मग चौथ्या महिन्यात ट्रेनिंगच्या साहेबांनी सांगितलं की आमच्या पेपरात सगळं मेट्रिक असेल. कॅनडातल्या ऑपरेटरांसाठी मेट्रिक सूत्रांचा वेगळा तक्ता असतो, तोच आम्हाला मिळणार. आणि तो तक्ता या कोर्समध्ये पहिल्या दिवसापासून होता! ‘इतर साहित्य’ नावाच्या कोपऱ्यात, कुठल्याही व्हिडिओत उल्लेख न करता. भारतीय कार्डावरून पैसे घेताना त्यांना मी कुठला आहे ते कळलं होतं. एक ओळीचा मेल पाठवता आला असता. याचा राग मला अजून आहे. गॅलन नसते तर ते वजनाचं गणित मी मांडलं नसतं, हेही खरं, पण ते श्रेय मी कोर्सला देणार नाही.

बाकीच्या गोष्टी. प्रश्नसंच चांगला आहे, चुकीचा पर्याय का चुकीचा हेही समजावतात. एसव्हीआय (गाळ किती नीट बसतो त्याचा आकडा), एफ बाय एम (जिवाणूंच्या मानाने त्यांचं अन्न किती), स्लजचं वय यांवरचे प्रश्न आमच्या प्लांटला जसेच्या तसे लागू पडतात. थंडीत नायट्रिफिकेशन (जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करणं) मंदावण्यावर मात्र प्रश्नांचा ढीग आहे, आणि आपलं सांडपाणी बारमाही कोमट. आपली अडचण उलटी: २० अंशांच्या पाण्यात जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास, म्हणून उन्हाळ्यात टाकीत हवा सोडणारा ब्लोअर जास्त चालवावा लागतो. हे कोर्समध्ये एका तक्त्यात आहे, पण त्यावर प्रश्न एकच. बीओडीही ते पाच दिवस, २० अंशांवरचा शिकवतात. आपल्या लॅबच्या रिपोर्टवर बघा, तीन दिवस, २७ अंश लिहिलेलं असतं. दोन्ही लक्षात ठेवा, पेपरात पाच दिवसच येणार.

सुरक्षेचा भाग मी सगळ्यात शेवटी ठेवला होता, गुण सोपे म्हणून. तो आधी करायला हवा होता. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास अगदी कमी प्रमाणातही येतो, पण शंभर पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. आमच्याकडे आजही झाकण उघडून ‘वास नाही, उतर’ म्हणतात. हाताने मैला साफ करण्याविरुद्धचा कायदा २०१३ चा, त्यात साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला बंदी आहे, आणि तरी दर पावसाळ्याच्या आधी मुंबईच्या आसपास कुणीतरी टाकीत गेल्याची बातमी येतेच. जूनमध्ये आमच्या इक्वलायझेशन टँकचा, म्हणजे येणारं सांडपाणी साठवायच्या टाकीचा, सबमर्सिबल पंप चिंध्यांनी अडकला. कंत्राटदाराचा पोरगा शर्ट काढून तयार होता, वीस-एकवीस वर्षांचा. मी त्याला बाजूला केलं, साखळी आणि चेन पुली मागवली आणि पंप वर ओढून साफ केला. चार तास लागले, सेक्रेटरी साहेब नाराज झाले, फ्लशला टँकरचं पाणी घ्यावं लागलं. मी लॉगबुकात कारण लिहिलं: विषारी वायू मोजायचा गॅस मीटर उपलब्ध नाही. पुढच्या मीटिंगला मीटर मंजूर झाला.

या एका भागासाठी मी कोर्सला पाचपैकी पाच देईन. गणिताच्या शिकवणीला दोन. मदत केंद्राला शून्य.

घ्यायचा असेल तर तीन महिन्यांचाच घ्या, सहाचा नको, आणि पैसे भरायच्या आधी आपल्या पेपरात एककं कोणती आहेत ते लेखी विचारून घ्या. पहिल्याच दिवशी ‘इतर साहित्य’ उघडून मेट्रिकचा तक्ता डाउनलोड करा, कारण मुदत संपली की तोही दिसत नाही. माझ्याकडे त्याची छापील प्रत आहे, पंप रूममध्ये डोसिंग टँकच्या वर चिकटवली आहे. मुदत वाढवायला ते अडीच हजार मागतायत, मी भरणार नाही. परीक्षेला पाच आठवडे आहेत आणि वहीत सोडवलेली चारशे बारा गणितं आहेत. नाइटचा जोडीदार आता तीच वही घेऊन बसतो.