चुकलेल्या चौकटीपर्यंत न्यायचं कसं: फोकस, स्क्रोल की दोन्ही?

लांबलचक फॉर्म भरून 'जमा करा' दाबलं आणि पान जागचं हललंच नाही. वर कुठेतरी पिनकोडखाली लाल अक्षरं उमटलीत, पण ती पडद्याबाहेर. माणूस बिचारा पुन्हा पुन्हा बटण दाबत बसतो. त्याला त्या चौकटीपाशी न्यायचे चार मार्ग आहेत.

पहिला, नुसतं फोकस(), म्हणजे कीबोर्डचा रोख (फोकस) एखाद्या चौकटीवर नेणारा जावास्क्रिप्टचा आदेश. एका ओळीचं काम. कर्सर चौकटीत जातो, स्क्रीन रीडर (अंधांना पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) तिचं नाव वाचतो, पानही आपोआप सरकतं. मात्र सरकून थांबायचं कुठे, ही ब्राउझरची मर्जी. कुणी चौकट मधोमध आणतो, कुणी जेमतेम कडेला टेकवतो. वर स्टिकी हेडर (पान सरकलं तरी वर चिकटून राहणारी पट्टी) असेल तर चौकट त्याखाली दडण्याची भीती. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेब सुलभतेच्या नियमावलीत यासाठी वेगळा निकषच आहे: फोकस असलेली गोष्ट पूर्ण झाकली जाता कामा नये. हेडर नसलेल्या छोट्या फॉर्मला मात्र हा मार्ग पुरतो, उगाच जास्त कोड लिहू नका.

दुसरा, नुसतं स्क्रोलइंटूव्ह्यू(), म्हणजे पान सरकवून चौकट दृश्यात आणणारा आदेश. दिसायला झकास, वापरायला फसवं. पिनकोड डोळ्यांसमोर येतो, पण फोकस अजून खालच्या बटणावरच. माणूस टॅब दाबतो आणि पान धाडकन तळाला जातं. स्क्रीन रीडरवाल्याला तर काही घडल्याचंच कळत नाही. हा मार्ग मी बादच करतो.

तिसरा, दोन्ही कामं वेगळी करणं. आधी फोकस(), त्याला 'प्रिव्हेंटस्क्रोल' (पान सरकवू नको) हा पर्याय द्यायचा, मग स्क्रोलइंटूव्ह्यू() मध्ये 'ब्लॉक: सेंटर', म्हणजे चौकट मधोमध. वर टेकवायचं असेल तर चौकटीला हेडरच्या उंचीइतका 'स्क्रोल-मार्जिन-टॉप' (सरकून थांबताना वर सोडायची जागा, सीएसएसमध्ये) द्या. 'प्रिव्हेंटस्क्रोल' क्रोममध्ये आवृत्ती ६४ पासून, फायरफॉक्समध्ये ६८ पासून आणि सफारीत १५ पासून, म्हणजे २०२१ पासून आहे. त्याआधीची सफारी तो पर्याय दुर्लक्षून फक्त उडी मारते, नुकसान काही नाही. मऊ, तरंगत जाणारं स्क्रोल हवंच असेल तर 'प्रिव्हेंटस्क्रोल' विसरू नका. तो नसला तर फोकस आधीच उडी मारून पान तिथे नेतो, तरंगायला फारसं काही उरत नाही. चुकीच्या संदेशाला तरंगणं मला तरी आवडत नाही. लवकर पोचवा, झालं.

मॅकवर तपासताना दोन गोष्टी आधी माहीत हव्यात. सफारीत टॅब मूळ सेटिंगमध्ये लिंकवर थांबत नाही. ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ते चालू करावं लागतं. एका ग्राहकाच्या तक्रारीवर मी अर्धा दिवस कोड उसवत बसलो होतो, दोष निघाला या एका टिकमार्कचा. दुसरी गोष्ट जास्त घातक: सफारीत बटणावर क्लिक केलं तरी फोकस बटणाला मिळत नाही. बटणाने उघडलेला डायलॉग (पानावर उघडणारी छोटी खिडकी) बंद झाल्यावर ब्राउझर आधीच्या फोकसकडे परततो, पण इथे आधी बटणावर फोकसच नव्हता, मग परतणार कुठे? म्हणून डायलॉग उघडणाऱ्या शोमोडल() च्या आधी त्या बटणावर स्वतःच फोकस() चालवून घ्या. आणि आयफोनवरचं क्रोम आपल्याकडे आतून वेबकिटच, म्हणजे सफारीचंच इंजिन. तिथे तपासलं म्हणून क्रोम तपासलं असं होत नाही.

चौथा मार्ग, वर चुकांची यादी आणि फोकस त्या यादीवर. ब्रिटिश सरकारची डिझाइन सिस्टिम हेच करते. यादीतल्या लिंकवर क्लिक केलं की ती चौकटीचं लेबल दृश्यात आणते आणि फोकस चौकटीला देते, स्क्रोल न होऊ देता. लेबल आणण्यात खरी समज आहे: नुसती रिकामी चौकट दिसून माणसाला काय कळणार?

एकच चूक असेल तर तिसरा मार्ग, पाच असतील तर चौथा. तपासणी सर्व्हरवर होत असेल तर एक असली तरी चौथाच. कारण आयफोनवर सर्व्हरचं उत्तर आल्यावर चालवलेल्या फोकस() ने कीबोर्ड उघडतोच असं नाही. त्याला माणसाचं ताजं बोट लागतं. यादीतल्या लिंकवर ते बोट पडतं आणि कीबोर्ड वर येतो.