कात्रण की बाहुली? पहिली अ‍ॅनिमेशन फिल्म करण्याआधी

दर वर्षी परीक्षा संपल्या की मला असा एखादा तरी फोन येतो. गोष्ट सुचलेली असते, मोबाइल हातात असतो, महिनाभर सुट्टी असते आणि प्रश्न ठरलेला असतो: "मावशी, कागद कापून करू की क्लेच्या बाहुल्या करू?" मोठी माणसंही हेच विचारतात, फक्त मावशी म्हणत नाहीत.

मी दोन्ही केलंय आणि दोन्हींत तोंडघशी पडलेय. कुठल्यात काय सोसावं लागतं ते सांगते. माझा कल कागदाकडे आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं.

तसं पाहिलं तर दोन्ही स्टॉप-मोशनच. वस्तू किंचित हलवायची, फोटो (म्हणजे एक फ्रेम) काढायचा, पुन्हा हलवायची. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाचं रोज थोडं थोडं चित्रण करून ते पडद्यावर भराभर वाढताना दाखवलं. तिथे हलण्याचं काम रोपानेच केलं. पुढे १९१५ च्या 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्या मात्र हाताने सरकवाव्या लागल्या. आपल्या प्रश्नातला फरक इतकाच, की कात्रण टेबलावर आडवं पडलेलं असतं आणि कॅमेरा वरून बघतो. बाहुली उभी असते आणि कॅमेरा समोरून बघतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण जे आडवं आहे ते पडू शकत नाही आणि जे उभं आहे ते सतत पडायला टपलेलं असतं. वेळ, खर्च, चिडचिड, फिल्मचा स्वभाव, सगळं तिथूनच निघतं.

एकच बाई, दोनदा

माझ्या फिल्ममध्ये एक बाई एसटीतून उतरते. हातात जड पिशवी. तीन पावलं चालते, पिशवी खाली ठेवते, इकडेतिकडे बघते.

आधी ती क्लेची केली. अ‍ॅल्युमिनियमची तार दुहेरी पिळून सांगाडा, त्यावर क्ले, वर सुती चिंधीची साडी. बाई छान उभी राहिली. एक पाय उचलला आणि कोसळली. मग तळपायातून टाचणी खाली थर्माकोलमध्ये खुपसायची, पाय उचलताना ती काढायची, पुढे टेकताना पुन्हा खुपसायची. दर वेळी बोटांचे ठसे गालावर उमटायचे, त्यामुळे पडद्यावर बाईचा चेहरा उकळत्या खिरीसारखा खदखदताना दिसायचा. चार रविवार गेले आणि हाती लागले अकरा सेकंद.

पण त्या अकरा सेकंदांत एक जागा आहे. पिशवी जमिनीला टेकते आणि पुढच्या दोन-तीन फ्रेममध्ये बाईचा उजवा खांदा केसभर वर येतो. बस, एवढंच. ते बघताना माझी आई नकळत "हुश्श" म्हणाली. पिशवीत काय होतं ते कुणी विचारलं नाही, ती जड होती हे सगळ्यांना कळलं.

मग तीच बाई कागदाची केली. एका जुन्या फोटोची प्रिंट काढली, डोकं, दंड, कोपरापुढचा हात, मांड्या, पोटऱ्या वेगवेगळ्या कापल्या आणि मागून दोऱ्याच्या गाठींनी जोडल्या. उभं राहण्याचा प्रश्नच नाही, ती काचेवर निवांत पहुडलेली. चालायला लागली, पण पिशवीत कापूस भरल्यासारखी. खांदा वाकवून पाहिला, वेग कमी करून पाहिला, पावलं अडखळवली. पिशवी हलकी ती हलकीच.

कंटाळून मी पिशवीचं तोंड उघडलं. त्यातून आंबा आला, मग समई, मग एक लग्नपत्रिका, मग पाळणा आणि शेवटी कौलारू घरांची अख्खी आळी. पाळणा बाईपेक्षा मोठा होता आणि आंबा घराएवढा. कुणाला खटकलं नाही. हेच क्लेमध्ये करायचं तर वीस वस्तू घडवाव्या लागल्या असत्या आणि त्या एका मापात बसवाव्या लागल्या असत्या. कागदाचं काम दोन रविवारांत झालं, पन्नास सेकंद. फिल्म मात्र वेगळीच झाली. आधीची थकलेल्या बाईची होती, ही आठवणींची झाली.

म्हणून फोन करणाऱ्याला मी उलट विचारते: तुझ्या गोष्टीतला असा कुठला एक शॉट आहे, ज्याच्याशिवाय बाकीची फिल्म करायचीच नाही? त्या शॉटमध्ये कुणी ओझं उचलतंय, कुणाचा हात कुणाच्या पाठीवर पडतोय, कुणी धापा टाकतंय, तर बाहुलीला पर्याय नाही. एका गोष्टीतून दुसरी उगवतेय, डोक्याचं झाकण उघडून आत रेल्वे धावतेय, तर कात्री घ्या.

पात्र शोधायचं की घडवायचं?

बाहुलीचं पात्र शून्यातून घडतं. नाक कसं, पाठीला पोक किती, सगळं तुमच्या हातात. ज्यांना मूर्तिकामाची ओढ आहे त्यांना यात इतकं सुख मिळतं, की फिल्म राहून जाते. असे लोक मी पाहिलेत, कपाटात सात सुंदर बाहुल्या आणि शूटिंग शून्य.

कोलाजमध्ये, म्हणजे कागदी कात्रणांत, पात्र सापडतं. जुने दिवाळी अंक, लग्नपत्रिका, औषधाची खोकी, कॅलेंडर, शिवणकामाचे कागदी नमुने, रद्दीवाल्याकडे अर्धा तास बसलं की निम्मी पात्रयोजना होते. सापडलेलं चित्र स्वतःचा इतिहास घेऊन येतं, आणि गंमत तिथेच आहे. टेरी गिलियम यांनी १९६९ पासून बीबीसीवरच्या विनोदी मालिकेसाठी व्हिक्टोरियन काळातले फोटो आणि छापील चित्रं कापून जे केलं त्याचं हसू यातूनच येतं: इतकी गंभीर, इस्त्रीची माणसं आणि त्यांचं असलं वागणं.

आपल्याकडे हे करायला राजा रविवर्म्यांच्या ओलिओग्राफइतका (त्यांच्या तैलचित्रांच्या रंगीत छापील प्रती) छान खजिना नाही. देव्हाऱ्यातल्या लक्ष्मीचे चार हात आधीच इतके ठसठशीत आहेत की कापायला मोह होतो. (आजीसमोर कापू नका.) रविवर्मा १९०६ साली गेले, त्यामुळे हक्कांची अडचण नाही. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोग्राफरच्या बाबतीतही तेच. म्हणजे कालच्या मासिकातली नटी कापून घरच्यांना दाखवायला ठीक, महोत्सवात पाठवायची फिल्म असेल तर घरचे फोटो, जुनी छपाई किंवा स्वतः काढलेलं चित्रच वापरा. मूळ वस्तू कधीच कापू नये. स्कॅन करून बिनचकाकीच्या जाड कागदावर प्रिंट काढावी. चकचकीत कागद दिवा परत फेकतो.

चित्रं शोधायचा कंटाळा असेल तर काळ्या कार्डशीटच्या सावल्या. जर्मनीच्या लोटे रायनिगर यांनी १९२६ साली कात्रीने कापलेल्या अशा आकृत्यांवर पूर्ण लांबीची फिल्म उभी केली. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिला असेल तर वेगळं सांगायला नको, बाजूने दिसणारा चेहरा आणि हाताची एक हालचाल यांवर अख्खं रामायण चालतं. डोळे रंगवायला नकोत, ओठ हलवायला नकोत.

कागद सपाट म्हणून फिल्मही सपाट, ही समजूत मात्र सोडा. रशियाच्या युरी नॉर्श्टाइन यांच्या १९७५ च्या 'हेजहॉग इन द फॉग'मधलं धुकं आठवा. हेजहॉगवर (साळूसारखा काटेरी, पण छोटा प्राणी) पातळ कागद पसरून तो फ्रेमगणिक कॅमेऱ्याकडे उचलत नेला, तसतसा हेजहॉग विरत गेला. मी घरी दोन काचा विटांवर एकावर एक रचून आणि मधे ट्रेसिंग पेपर धरून तसं करून पाहिलं. त्यांच्यासारखं नाही जमलं, पण एसटी स्टँडवरची पहाट म्हणून खपून गेलं.

टेबलावर काय होतं

बाहुलीला खोली लागते. सेट, मागचा पडदा, दिवे, समोर ट्रायपॉड, आणि तो सगळा पसारा आठवडाभर कुणीही हलवता कामा नये. वन-बीएचकेमध्ये हे म्हणजे पाहुण्यांना महिनाभर येऊ नका म्हणण्यासारखं आहे. कोलाजला एक काच, चार विटा, वरून खाली बघणारा मोबाइल स्टँड आणि दोन टेबल-लॅम्प पुरतात. कात्रणं पाकिटात घालून ठेवता येतात.

पण कागदाचे शत्रू वेगळे. मे महिन्यातली दुपार, मी चिमट्याने बाईचा हात सरकवतेय, एकशे चाळिसावी फ्रेम. सासूबाई आत आल्या, "अगं, किती घामाघूम झालीयेस!" म्हणाल्या आणि मायेने पंखा लावला. आंबा सोफ्याखाली सापडला. डावी पोटरी अजून सापडलेली नाही. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याच्या मागे ब्लू-टॅकचा (काढून पुन्हा चिकटवता येणारी पुट्टी) मुगाएवढा गोळा लावते, आणि पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी. क्लेला वारा चालतो पण उकाडा चालत नाही. दिव्याखाली ती मऊ पडते, बाईची मान हळूहळू झुकते. फ्रीजमध्ये दहा मिनिटं ठेवून पुढचं शूटिंग. आणि क्ले म्हणजे न वाळणारी तेलकट क्ले. गणपतीची शाडू उरली होती म्हणून एकाने तिच्याच बाहुल्या केल्या, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तडे.

दोन्हींत सारखीच खबरदारी: खिडकीचा उजेड बंद, नाहीतर ढग आला की फिल्ममध्ये वीज चमकल्यासारखं होतं. मोबाइलचं एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा), सगळं लॉक. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर १/५० सेकंद किंवा त्याहून संथ ठेवलं की ट्यूबलाइटची थरथर कमी दिसते. पांढरा शर्ट घालून बसू नका, तुमच्या शर्टाचा उजेड दर फ्रेमला बदलतो. काचेवर दिवे दोन्ही बाजूंनी तिरके, साधारण ४५ अंशांत. स्टॉप मोशन स्टुडिओसारखं अ‍ॅप घ्या, त्यात आधीची फ्रेम पुसट दिसत राहते. ड्रॅगनफ्रेम हे व्यावसायिकांचं, पहिल्या फिल्मला गरज नाही.

हिशेब

सेकंदाला १२ फोटो धरले तर मिनिटाला ७२०. माझ्या हाताने कागदाच्या एका फ्रेमला पाऊण मिनिट लागतं, म्हणजे मिनिटभर फिल्मला नऊ तास. बाहुलीच्या फ्रेमला अडीच-तीन मिनिटं, म्हणजे तीस तासांच्या पुढे, त्यात बाहुल्या घडवायचा वेळ धरलेला नाही. मुलांबरोबर करत असाल तर सेकंदाला ८ फोटो घ्या, थोडं धक्क्याधक्क्याने चालतं पण कागदाला ते शोभतं. बाहुलीला शोभत नाही, ती लंगडल्यासारखी दिसते.

या हिशेबाला अपवाद आहेत. ब्रिटनच्या निक पार्क यांची वॉलेस आणि ग्रॉमिट या क्लेच्या जोडीची पहिली फिल्म १९८२ साली फिल्म स्कूलमध्ये सुरू होऊन १९८९ मध्ये पुरी झाली. क्ले म्हटल्यावर हे समजू शकतं. पण नॉर्श्टाइन यांनी १९८१ मध्ये हाती घेतलेली रशियन लेखक गोगोलच्या कथेवरची फिल्म कात्रणांचीच आहे आणि ती अजून अपुरी आहे. तेव्हा कागद वेळ वाचवतो हे खरं, फक्त तुम्ही थांबायचं कुठे हे ठरवलं असेल तर.

खर्चाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. कोलाजचा मोठा खर्च म्हणजे प्रिंट आणि काच. बाहुलीत तार, क्ले, सेटचं सामान धरून त्याच्या काही पट होतात, आणि क्ले मळकी झाली की पुन्हा आणावी लागते.

बोलणाऱ्या पात्रांची फिल्म असेल तर कागदाची सात-आठ तोंडं कापून ठेवायची आणि आलटूनपालटून बदलायची. क्लेमध्येही बदलती तोंडं करतात, पण जोड लपवताना जीव जातो. पहिल्या फिल्ममध्ये कुणालाच बोलायला लावू नका, असंच मी सांगेन.

आणि हे सगळं कॉम्प्युटरवर का नाही? करता येतं. साउथ पार्क या अमेरिकन कार्टून मालिकेचा पहिला भाग खऱ्या कागदाचा होता, पुढचे कॉम्प्युटरवर गेले आणि दिसायला कागदीच राहिले. शंभर भाग करायचे असतील तर तसंच करावं. दोन मिनिटांच्या फिल्मला मात्र कात्रीच बरी वाटते. स्क्रीनवर तुकडा सरकवताना चुकून उलटा पडत नाही, आणि माझे निम्मे चांगले शॉट तुकडा चुकून उलटा पडल्यावरच सुचलेत.

यंदा फोन आला तो नववीतल्या एका मुलाचा. त्याला तो ठरलेला प्रश्न विचारला. म्हणाला, "आजोबा झोपतात आणि ग्लासातली कवळी बोलायला लागते." कवळीला जबडा हवा, चावण्याचा जोर हवा, आजोबा मात्र नुसते घोरणार. मी म्हटलं, आजोबा फोटो कापून कर आणि कवळी क्लेची, चपटी थापून त्याच काचेवर ठेव. आडवी पडलेली क्ले कोसळत नाही. त्याने लिहून घेतलं, थोडा वेळ गप्प बसला आणि विचारलं, "मग पंखा लावता येईल?"

नाही म्हटलं. आजोबा उडतील.