हुडकेश्वर रोडचा '63-ए' : आमचे 13,23,800 रुपये कसे गेले

नागपुरात हुडकेश्वर रोडवर प्लॉट घेताना आमची फसवणूक झाली. रक्कम आधी सांगते, कारण पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात. 13,23,800 रुपये. त्यात 51,000 बयाणा, 6,00,000 इसारपत्राच्या दिवशी बँकेतून, 4,50,000 रोख, 1,84,300 'डेव्हलपमेंट चार्ज'च्या नावाखाली आणि 38,500 कंपाउंडच्या पायाला गेले, म्हणजे मजुरी, गिट्टी, लोखंड. वडिलांची उमरेडकडची शेती विकून माझ्या वाट्याला आलेला हा पैसा. कर्ज काढायचं नव्हतं, म्हणूनच फसवणाऱ्यांना आम्ही इतके पसंत पडलो असणार. कर्ज असतं तर बँकेच्या वकिलानं पहिल्याच दिवशी फाईल परत केली असती. म्हणून सांगते, पैसे हातात असले तरी वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, काढून घ्याच. त्याची फी वाचवायला जाऊ नका.

हुडकेश्वर रोडला लागून असलेली ही जुनी वस्ती. ले-आऊटचं नाव वकिलांनी लिहायला मनाई केली आहे. पंचवीसेक वर्षांपासून लोक राहतात, सिमेंटचे रस्ते झालेत, नळ आहे, कोपऱ्यावर हनुमानाचं मंदिर. मधोमध दोन घरांच्या आत एक मोकळा तुकडा, 1,200 चौरस फूट, भाव 1,850 रुपये फूट, म्हणजे 22,20,000. आजूबाजूचा भाव यापेक्षा जास्त होता, पण इतका नाही की शंका यावी. दलाल त्याच वस्तीतला, दोन गल्ल्या सोडून त्याचं दुमजली घर. गणपती मंडळात पुढे, सगळ्यांना नावानं ओळखणारा. "ताई, टेन्शन घेऊच नका, मी कुठं पळून चाललो? इथंच राहून राहिलो ना!" हे वाक्य त्यानं माझ्यासमोर, माझ्या नवऱ्यासमोर, माझ्या सासूसमोर म्हटलं. बाहेरचा दलाल असता तर आम्ही दहा प्रश्न विचारले असते.

आता तो नकाशा. रात्री झोप लागत नाही ती याच्यामुळे. त्यानं गाडीच्या सीटवर ले-आऊटच्या नकाशाची झेरॉक्स पसरली. सगळ्या प्लॉटचे नंबर छापील, 1 पासून 63 पर्यंत. आमच्या चौकोनात मात्र निळ्या पेनानं '63-ए'. आणि नकाशाची उजवी बाजू झेरॉक्समध्ये आलेलीच नव्हती. तिथंच तर तक्ता असतो ना, एकूण क्षेत्र किती, रस्ते किती, मोकळी जागा किती! मी विचारलं, "भाऊ, हाच नंबर पेनानं काहून?" तो एक क्षणही अडला नाही. "ताई, हा मागून पाडलेला प्लॉट आहे. 2021 मध्ये गुंठेवारी कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात हे पण नियमित होऊन राहिले." दुरुस्ती खरोखरच झाली होती, 31 डिसेंबर 2020 पर्यंत परवानगीशिवाय पाडलेले प्लॉटही नियमित करता येणार होते, आम्ही ते पेपरात वाचलेलं होतं. त्याच्या खोट्याला खऱ्या कायद्याचा टेकू होता. मग मी काय म्हणायला पाहिजे होतं, कोणी सांगेल का मला?

आणि त्याच वेळी समोरच्या काकू त्या तुकड्यावर खाट टाकून कुरड्या वाळवत होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही घेऊन राहिले का हे?" मी हो म्हटलं. त्यांनी दलालाकडे पाहिलं, कुरड्यांवरचा कपडा सारखा केला आणि आत निघून गेल्या. एक शब्द नाही. ती जागा ले-आऊटची मोकळी जागा आहे, बगिच्यासाठी सोडलेली आहे, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. पायाचे खड्डे खणले त्या दिवशी मात्र सगळी गल्ली बाहेर आली, नगरसेवकापर्यंत फोन गेले. नंतर मी काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही विचारलंच कुठं आम्हाला?" शेजारी व्हायच्या आधीच शेजाऱ्यांनी हे केलं, याचा राग पैशाइतकाच आहे.

कागद कोणते होते तेही ऐका, कारण हेच कागद तुम्हालाही दाखवतील. गृहनिर्माण संस्थेचं 1997 चं वाटपपत्र आणि कब्जापत्र, एका बाईच्या नावाचं. त्या बाईनं विकणाऱ्याला दिलेलं नोटरी केलेलं मुखत्यारपत्र. आर.एल.ची, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याच्या पत्राची, रंगीत झेरॉक्स, ओरिजिनल 'ट्रान्सफरसाठी जमा आहे' म्हणे. आणि रिकाम्या प्लॉटच्या टॅक्सची पावती. टॅक्स पावतीनं कोणी मालक होत नाही. मुखत्यारपत्र, करारनामा, कब्जापत्र यांनी मालकी जात नाही, फक्त रजिस्टर्ड विक्रीपत्रानंच जाते, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच स्पष्ट सांगितलेलं आहे. पण नागपुरात '572' आणि '1900' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, नियमित करायला घेतलेल्या ले-आऊटमधली बरीचशी वस्ती एकेकाळी अशाच कागदांवर उभी राहिली, आणि पुढे नियमितही झाली. माझ्या मोठ्या जावेचं मानेवाड्याचं घर कब्जापत्रावरच घेतलेलं, आज तिच्याकडे आर.एल. आहे. हे रोज डोळ्यासमोर पाहणाऱ्या माणसानं कब्जापत्र दिसताच उठून जावं, असं म्हणणं सोपं आहे.

रजिस्ट्री 'आर.एल. नावावर चढली की' होणार होती. त्यासाठीच 1,84,300 ची डिमांड नोट, म्हणजे कार्यालयाची पैसे भरायची नोटीस, आली, शिक्का, जावक क्रमांक, सगळं छापील. भरायला मी जाते म्हटलं तर "ताई, उन्हातान्हात लाईनीत कशाला, माझा माणूस जातो." डिमांड नोटचे पैसे कोणाच्याही माणसाच्या हातात देऊ नका. स्वतः भरा, पावती स्वतःच्या हातानं घ्या. जावक क्रमांक खोटा होता. आणि ती गृहनिर्माण संस्था कधीचीच अवसायनात, म्हणजे बंद करायला, निघालेली! अवसायक नेमला की जुन्या सचिवाच्या सहीला काडीची किंमत राहत नाही, आणि इथे त्याच सचिवाकडून जुन्या तारखेची वाटपपत्रं बनवून घेतली जात होती. मोकळ्या जागेचे प्लॉट पाडून विकायचा हा धंदा नागपूरला नवा नाही. आम्हाला वाटलं, ते कुठंतरी दूर, ओसाड ले-आऊटमध्ये होत असेल. भरवस्तीत, मंदिरासमोर होईल असं वाटलं नाही.

आणि आता ज्यांच्याकडे न्याय मागायचा त्यांचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, "मॅडम, ही दिवाणी बाब आहे." बनावट शिक्का दिवाणी? खोटी डिमांड नोट दिवाणी? दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे घटनापीठानं 2013 मध्येच सांगितलं. नवीन फौजदारी कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) काही गुन्ह्यांत चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, पण चौदा दिवसांची, वर्षभराची नाही. मी हे बोलले तर तिथले साहेब म्हणाले, "वकील आहात का?" मग, "रोख कशाला दिले?" 20,000 किंवा त्याहून जास्त रोख जागेच्या व्यवहारात घ्यायला आयकर कायद्यानं मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला आहे. त्याला का नाही विचारत? दलालाला ठाण्यात बोलावलं तेव्हा त्याला खुर्ची होती, चहा होता. मी बाकावर. शेवटी अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत. पोचेशिवाय तिथून हलू नका, आणि पोलीस आयुक्तांना तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा.

मंजूर नकाशाची सत्यप्रत मागितली तर खिडकीवरून उत्तर, फाईल सापडत नाही. ले-आऊटचे अधिकार कधी नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास), कधी मनपाकडे, कागदांची ने-आण आणि आम्ही मधे लटकलेले. "माहिती अधिकारात टाका." टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तीस दिवसांत उत्तर नाही, अपील केलं. सहकार खात्यात गेले तर संस्थेचं दप्तरच अवसायकाला मिळालेलं नाही म्हणतात. सचिव मात्र सगळ्यांना सापडतो, रोज सकाळी चौकातल्या टपरीवर चहा पितो. ज्या कार्यालयांचा शिक्का खोटा मारला जातो, त्यांना स्वतः फिर्याद द्यावीशी का वाटत नाही? नकाशे भिंतीवर लावले, मोकळ्या जागेवर एक बोर्ड ठोकला, तर किती घरं वाचतील! बोर्डाला खर्च किती येतो?

तुम्ही प्लॉट पाहत असाल तर मंजूर नकाशा दलालाकडून घेऊ नका, कार्यालयातून काढा, तक्त्यासकट. खसरा क्रमांक (जमिनीचा सर्व्हे नंबर) घेऊन सातबारा पाहा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, शोधता येतो, घरबसल्या. पेपरात जाहीर नोटीस द्या, विकणारा 'नको' म्हणाला की उठा. आणि दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना दलाल सोबत नसताना विचारा, तोंडावर, "ही जागा कोणाची?"

आमचा खटला आता मॅजिस्ट्रेटसमोर आहे, खासगी अर्ज केला. पाया तसाच आहे, त्यात पाणी साचलं म्हणून गल्लीवाले माझीच तक्रार करतात. गेल्या आठवड्यात त्याच तुकड्यासमोर दलालाची गाडी आणि एक तरुण जोडपं दिसलं. सीटवर तीच झेरॉक्स. मी थांबून त्या दोघांना सगळं सांगितलं, माझं इसारपत्र मोबाईलवर दाखवलं. ते निघून गेले. तो मला म्हणाला, अब्रूनुकसानीची नोटीस पाठवतो. पाठव म्हटलं. पत्ता त्याच्याकडे आहेच, इसारपत्रावर त्यानंच लिहून घेतलाय.